पायाळूची लाथ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. त्या बाळंतपणात आई मरता मरता वाचली. आमच्याकडची समजूत अशी की कुणाच्या पाठीत उसण भरली, बरगडीत चमक आली, की पायाळू माणसानं त्याच्या पाठीत लाथ घालावी. उसण जागच्या जागी निघून जाते म्हणे. माझ्या लहानपणी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ही माझी नेमणूकच होती. शाळेतून आले की दारात कुणीतरी उंबऱ्यावर पाठ करून बसलेलं असायचं. मी दप्तर ठेवायचं, डावा पाय उचलायचा, पाठीला टेकवायचा आणि जरा ढकलायचं. माणूस कण्हत उठायचा आणि बरं वाटतंय म्हणायचा. लाथ खाऊन बरं वाटतंय म्हणणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता माणसाच्या ‘बरं वाटतंय’वर माझा विश्वासच राहिलेला नाही.

खरं तर आमच्या घरात असलं काही चालायला नको होतं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून पंचगंगेत सोडले. नवस गेले, अंगारे गेले, अंगात येणं गेलं. दादा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि कुणी भविष्य सांगू लागला तर त्याला तोंडावर हसायचे. एवढी साफसफाई झाली, आणि माझा पाय तेवढा राहिला.

तो का राहिला हे मला बरंच मोठी झाल्यावर कळलं. पलीकडच्या गल्लीत एक मोठं घर होतं. तिथं आईला पाणी द्यायचं तर पेला वेगळा असायचा, खिडकीच्या कडेला पालथा घातलेला. त्या घरातल्या बाईंना उसण भरली की त्या मला बोलावून घ्यायच्या. मी आत जायची, पार माजघरापर्यंत, आणि त्या पाठ करून बसायच्या. पेला चालत नव्हता, पाय चालत होता. मला त्या वयात त्यात काही वाटायचं नाही, आता आठवलं की तिडीक जाते. पण आई त्या दिवशी घरी येताना ताठ चालायची. माझ्या पोरीच्या पायाला गुण हाय, असं ती बोळातल्या प्रत्येकीला सांगायची. तिला आयुष्यात जे काही मिरवायला मिळालं त्यात हा पाय पहिला होता, माझी नोकरी नंतरची.

मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन दोन गल्ल्या ओलांडून राहायला गेले. पाय लावणं मी बंद करून टाकलं. लोक म्हणाले, शिकली म्हणून माज आला. आला तर आला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रविवारची सकाळ होती. शेजारचा एक माणूस धावत मला बोलवायला आला, म्हणाला दादांना उसण भरलीय, आईनं लगेच यायला सांगितलंय. मी गेले तर दादा उंबऱ्यावर, तोंड आत, पाठ रस्त्याकडं, सदरा काढून बसलेले. भोवती गल्ली गोळा झालेली. आदल्या दिवशी कारखान्यात त्यांनी लोखंडाचा जड जॉब एकट्यानं उचलला होता, त्यानं उसण भरली, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मी जवळ गेले आणि त्यांची पाठ पाहिली. पाठीवरून घाम नुसता वाहत होता. हात लावला तर अंग गार. चेहरा राखेसारखा. डाव्या हाताची मूठ ते सारखी उघडत मिटत होते.

हा घाम मी एकदा पाहिला होता. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर शिक्षकखोलीत असेच घामानं निथळत बसले होते. आम्ही त्यांना लिंबूसरबत दिलं, पंखा लावला, पित्त झालं असेल म्हणालो. रिक्षा येईपर्यंत ते गेले होते.

मी रिक्षा बोलवा म्हणून ओरडले. आई म्हणाली, “आधी पाय लाव की. मग कुठं न्यायचं तिकडं न्हे.” मी नाही म्हणाले. गल्लीतली माणसं मला समजावू लागली. वडील तळमळताहेत, एवढंसं काम, पाय लावायला काय जातंय, असला कसला हट्ट. रिक्षा आली. दादांना धड चढता येईना, म्हणून मी आधी आत चढले आणि मागून त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढून घेतलं. त्या ओढाताणीत माझा पाय त्यांच्या पाठीला लागला. एवढंच झालं. वाटेत मला घाबरलेली पाहून दादा म्हणाले, जरा हलकं वाटतंय. मला धीर यावा म्हणून ते बोलले होते. आई शेजारी बसली होती, आणि तिनं ते ऐकलं.

एरवी हार्टच्या पेशंटला पुण्याला नाहीतर बेळगावला न्यावं लागायचं, आणि नेता नेता वाटेतच आटोपायचं. आमच्या गावात नळी घालून रक्तवाहिनी उघडण्याची सोय तेव्हा नुकतीच झाली होती. कार्डिओग्राम निघाला आणि डॉक्टर धावपळ करू लागले. त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. हृदयाला रक्त नेणारी एक वाहिनी गाठीनं बंद पडली आहे. जांघेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत नेऊ, तिच्यातून तार घालू, तारेवरून फुगा नेऊन तो फुगवू, वाट मोकळी करू आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिथं जाळी बसवू. वेळ महत्त्वाचा आहे, रक्त बंद असतं तोवर स्नायू मरत असतो, आणि मेलेला परत येत नाही. मी सही केली.

दादा त्या टेबलावर जागे होते. नंतर ते सांगायचे, फुगा फुगवला तेव्हा क्षणभर छाती फुटते की काय असं झालं आणि मग कुणी दगड उचलून घ्यावा तसं दुखणं गेलं. बाहेर आणल्यावर त्यांचा पाय हलू नये म्हणून जांघेवर वाळूची पिशवी ठेवली होती. त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, की ही स्प्रिंग कुठल्या कारखान्यात करतात. डॉक्टर हसले. म्हणाले, वेळेत आणलंत, स्नायू वाचला, महिन्याभरात कामाला जातील. आणि गेले. लेथवर उभे राहिले, सकाळी रंकाळ्याला चालून येऊ लागले, भावकीतल्या लग्नात नाचलेसुद्धा.

मला वाटलं, झालं, आता ह्या लोकांचे डोळे उघडले. मी किती बावळट होते!

दादांना भेटायला माणसं शहाळी घेऊन येत. आई प्रत्येकाला चहा द्यायची आणि हकीगत सांगायची. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगते आहे. हिनं हट्ट केला, पाय लावीना. पण रिक्षात चढताना पाय लागलाच. तिथंच उसण निघाली. हे वाटेतच म्हणाले, हलकं वाटतंय. मग दवाखान्यात नेलं, त्यांनी आपलं स्प्रिंगचं काम केलं. ऐकणारे माना डोलवायचे. स्प्रिंग म्हणजे वरकड काम, मूळ काम माझ्या पायानं केलं होतं! मी मध्ये बोलले की आई हसून म्हणायची, लाजती हो, पहिल्यापासून अशीच हाय.

दवाखान्यानं आम्हाला सीडी दिली होती. शेजारच्या एका पोराच्या कॉम्प्युटरवर मी ती सगळ्यांना दाखवली. आधीचं चित्र: काळी वाहिनी मध्येच कापल्यासारखी थांबलेली. नंतरचं चित्र: तीच वाहिनी खालपर्यंत भरून वाहणारी. लोकांनी ती लग्नाच्या कॅसेटसारखी पाहिली. नळ तुंबला होता बघा, असं एकमेकांना सांगितलं. मी म्हणाले, आई, बघ, हे कशानं झालं बघ. ती म्हणाली, व्हय की, पण ही फिल्लम पाय लागल्यानंतरची हाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादांकडं पाहिलं. ज्यांच्या छातीत ती जाळी होती, जे भविष्यवाल्यांना हसायचे, ते दादा गालातल्या गालात हसत होते. तिला बरं वाटतंय तर वाटू दे की, एवढंच म्हणाले. त्यांच्या त्या समजूतदारपणाचा मला आजही राग येतो.

पुढं माझ्या दारात पुन्हा पाठी येऊ लागल्या. आता उसणवालेच नव्हे, छातीत दुखतंय म्हणणारेसुद्धा. मी एकालाही पाय लावला नाही. कार्डिओग्राम काढून या, म्हणून हाकलायची. काही गेले, बरेच रागावून घरी गेले.

तीन-चार वर्षं गेली. आई कोडोलीला तिच्या भावाकडं, म्हणजे माझ्या मामाकडं, त्याच्या नातवाच्या नाव ठेवण्याच्या कार्यक्रमाला गेली. कार्यक्रमानंतर ती तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत माझ्यासाठी फोन आला. मामा गावातल्या एसटीडी बूथवरून बोलत होता. म्हणाला, तुझ्या आईला पहाटेपासून पाठीत उसण भरलीया, शाळा सुटली की सवडीनं ये आणि पाय लावून जा. मी विचारलं, घाम येतोय का तिला?

“चुलीपुढं बसल्यावर घाम येणारच की,” मामा म्हणाला.

म्हणजे पहाटेपासून पाठ दुखणाऱ्या बाईला त्यांनी चुलीपुढं बसवलं होतं. मळमळतंय का विचारलं तर म्हणाला, व्हय, दोनदा ओकली, पित्त हाय, गावातल्या डॉक्टरनं सुई टोचलीया. दादांना घाम आला तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती. उसण म्हणत असले तरी सगळी कामं टाकून माणसं उभी होती. बाईला घाम आला तर ती चुलीजवळ बसली असेल, ओकली तर पित्त असेल, दमली तर वय झालं असेल. तो डॉक्टर तरी शिकलेला होता ना? त्यानं कार्डिओग्राम काढला नाही, कुठं पाठवलं नाही, नुसती सुई टोचली. मामाला मी ओरडून सांगितलं की ही उसण नाही, हे दादांना झालं तेच आहे, हातातलं टाक, जीप कर आणि तिला आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला घेऊन ये, मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहते. मामा बरं बरं म्हणाला.

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. दादाही आले. आत डॉक्टरांना सांगून ठेवलं, ते तयारीत होते. प्रत्येक जीप पाहून मी पुढं धावायची. ऊन डोक्यावर आलं, कलू लागलं. मामाच्या घरी फोन नव्हता आणि बूथवाला उचलत नव्हता. शेवटी दादांना फाटकाशी ठेवून मी रिक्षा केली आणि कोडोलीला निघाले. वाटभर समोरून येणाऱ्या गाड्यांत डोकावून पाहत होते.

मामाच्या दारापुढं उतरले आणि मला आई दिसली. म्हणजे तिची पाठ दिसली. उंबऱ्यावर, तोंड आत, पाठ रस्त्याकडं. पदर बाजूला केलेला. पोलक्याची पाठ घामानं काळी झालेली. रिक्षाचा आवाज ऐकून तिनं मान वळवली नाही. तेवढी ताकद नसावी.

“आलीस व्हय?” ती म्हणाली. “लाव पाय.”

मामा सांगू लागला की जीप सकाळीच आणली होती, पण ही चढेना. पोरीला निरोप धाडलाय, ती येणार, पाय लावणार, मग बघू, असं म्हणत बसली. मोठ्या माणसाला उचलून कसं न्यायचं? म्हणून जीप परत पाठवली. इतका वेळ मी दवाखान्याच्या फाटकाशी तिची वाट पाहत होते आणि ती इथं उंबऱ्यावर माझ्या पायाची वाट पाहत होती. मी मामाला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो थोरला होता, मामा होता, आणि बोलले ते सगळं खरं होतं.

रिक्षात घालताना मी ह्या वेळी स्वतःला जपलं. मामाला आत चढवून त्याला ओढायला लावलं, मी पुढून तिचे पाय उचलले. माझा पाय तिच्या पाठीला लागू द्यायचा नाही एवढंच डोक्यात होतं. तिच्या गोष्टीला पुन्हा खतपाणी नको होतं मला. वाटेत ती दोनदा म्हणाली, लावला न्हाईस. मी तिचा हात धरून बसले.

तेच डॉक्टर, तेच टेबल, तशीच नळी, तार, फुगा आणि जाळी. वाहिनी उघडलीसुद्धा. त्यांनी मला पडद्यावर दाखवलं, रक्त खालपर्यंत गेलं होतं. पण डॉक्टरांचा चेहरा दादांच्या वेळेसारखा नव्हता. म्हणाले, वाहिनी उघडली, पण पुढचा स्नायू बराचसा मेला आहे, हृदयाचा पंप दुबळा राहील. इतका उशीर का केलात, असं त्यांनी विचारलं. आई माझ्या लाथेसाठी थांबली होती, हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मामा नंतर शहाळी घेऊन आला. मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं, ऊस वाळून गेल्यावर पाटाला पाणी सोडलं तर रान भिजतं, ऊस उभा राहत नाही. त्याला पटलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि जाता जाता आईला म्हणाला, पोरगी वेळेत आली असती तर ही पाळी आली नसती.

घरी आल्यावर आईला जिना चढवेना. मी तिला आणि दादांना माझ्या घरी, खालच्या खोलीत आणलं. रात्री उशांना टेकून बसल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. पायांवर सूज यायची, बोट दाबलं की खळगा राहायचा. गोळ्या होत्या, मीठ बंद होतं, तपासण्या चालू होत्या. दादा सकाळी रंकाळ्याला फिरून यायचे आणि तिच्यासमोर चपला काढताना चोरट्यासारखे वाकायचे. तिला न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. एकाच घरातली दोन माणसं, एकच दुखणं, एकच इलाज. फरक फक्त वाया गेलेल्या वेळेचा होता, आणि तो वेळ कशात गेला हे मला ठाऊक होतं. मी हे घरात, शाळेत, पालकसभेत, जिथं जमेल तिथं ओरडून सांगितलं. लोक हळहळत ऐकायचे आणि मग कुणीतरी हळूच विचारायचं, पण बाई, तुम्ही खरंच पायाळू आहात का हो?

आईशी मी ह्यावर बोलायचं टाळत होते. एका संध्याकाळी तिला धाप लागली होती. गोळी देऊन मी तिला दारात वाऱ्याला बसवलं. दादा बाजारात गेले होते. थोड्या वेळानं तिचा श्वास जरा खाली बसला. ती म्हणाली, एक विचारू का, रागावू नको. मी म्हटलं, विचार.

“तुझ्या दादास्नी लावलास पाय. मला न्हाय लावलास.”

आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर दोन माणसं होती. एकाला पाय लागला, तो नाचतो. दुसरीला लागला नाही, ती भिंत धरून चालते. तिच्या पोरीच्या पायाचा याहून धडधडीत पुरावा तिला कुठं मिळणार होता? आणि तो पाय, जो तिनं गल्लीभर मिरवला, जो परक्या बायकांच्या पाठीला चालला, तो तिच्याच पोरीनं तिला नाकारला होता. हे ती माझ्यावर प्रेम करत करत समजून घेऊ पाहत होती. मला सगळ्यांचा संताप आला. मामाचा, त्या सुई टोचणाऱ्या डॉक्टरचा, गालात हसणाऱ्या दादांचा, त्या पालथ्या पेल्याचा आणि तिचासुद्धा. मी म्हणाले, आई, तो चुकून लागला होता, त्यानं काही झालं नाही. ती म्हणाली, चुकून लागला तरी गुण येतो. मग ती भिंतीला धरून हळूहळू वळली, पाठ माझ्याकडं केली, पदर बाजूला सारला आणि बसून राहिली.

तिच्या पाठीचे मणके मोजता आले असते. मी उठून तिच्या मागं गेले. उभी राहिले. डावा पाय उचलवेना. मग मी खाली बसले आणि तिच्या पाठीवर हाताचा पंजा टेकवला, चांगला दाबून, पूर्वी पाय टेकवायची तसा.

“ह्यो हात हाय,” ती मागं न बघता म्हणाली, आणि तिनं पदर ओढून घेतला.